मयताचं पाणी

आमच्या गावात माणूस गेला की पहिला फोन पाण्याच्या ऑफिसात येतो. मुंबईच्या लेकाला आणि मुरबाडच्या मेव्हण्याला नंतर कळतं, मला आधी. पलीकडून एवढंच म्हणतात की मॅडम, आमच्याकडे मयत झालंय. मी विचारते, कुठली आळी. बस्स. अर्ज नको, नळपट्टीची पावती नको. व्हॉल्व्हमनला सांगितलं की तो त्याची ती व्हॉल्व्ह फिरवायची छातीएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघतो.

शहापूर आणि मुरबाड यांच्या मधे रस्त्याला चिकटून आमचं गाव आहे. आता गाव म्हणायची सोय नाही, नगरपंचायत झाली. पाणी दिवसाआड येतं, आणि तेही सगळीकडे एकदम नाही. एका आळीचा व्हॉल्व्ह उघडायचा, ठरलेला वेळ पाणी द्यायचं, बंद करायचा, पुढच्या आळीकडे जायचं. पाळी मोडून पाणी मागायला कोणा पुढाऱ्याचा माणूस आला तर मी त्याला चहा पाजून परत पाठवते. पण मयताला पाळी नाही. ज्या आळीत माणूस गेला तिथे लगेच पाणी सोडायचं, गेलेल्याच्या आंघोळीला आणि स्मशानातून परतणाऱ्यांच्या आंघोळीला. त्याला मयताचं पाणी म्हणतात. ग्रामपंचायत होती तेव्हापासून हे चालत आलंय आणि कुठल्याही कागदावर नाही.

पण नुसता व्हॉल्व्ह उघडून भागत नाही. इथे घरोघरी लोकांनी नळाच्या लाइनलाच मोटार जोडली आहे. पाणी आलं की बटण दाबायचं आणि शेजाऱ्याच्या आधी आपली टाकी भरून घ्यायची. हे बेकायदा आहे. मी एकदा मोटारी जप्त करायला निघाले होते. पहिल्याच सकाळी नगरसेवकांच्याच घरी मोटारी निघाल्या आणि दुपारपर्यंत मोहीम गुंडाळली गेली. मात्र मयत झालं की व्हॉल्व्हमन वाटेतल्या गेटांवर चावी ठोकत जातो, ठण ठण, आणि त्या आवाजाला सगळ्या मोटारी एकजात बंद होतात. एरवी नळावर झिंज्या उपटणाऱ्या बायासुद्धा हातातली पोळी टाकून उठतात आणि बटण खाली करतात. कोणाची मोटार चुकून चालू राहिली तर शेजारपाजार त्या घराला वर्षभर ऐकवतो.

मला या रिवाजाचं भारी वेड आहे, आणि त्याला कारण आहे. मी टोकावड्याच्या पलीकडच्या एका बौद्धवाड्यातली. माझे वडील गेले तेव्हा वरच्या गावात नळ होता, आमच्यात नव्हता. आईनं आणि चुलत्यांनी ओढ्याच्या डबक्यातलं पाणी फडक्यानं गाळलं आणि त्या पाण्यानं त्यांना आंघोळ घातली. गाळूनही ते हिरवट होतं. त्या पाण्याचा मला आजही राग येतो. लोक म्हणतात, जुनं विसरावं. का म्हणून विसरावं? त्याच रागावर मी डिप्लोमा केला, पाणीपुरवठ्यात लागले आणि लग्न करून या गावात आले ती इथलीच झाले. नळाबरोबर गटारही माझ्याच गळ्यात पडलं, कारण बाकीचे साहेब गटाराचं नाव काढलं की रुमाल काढतात. मी नाही काढत. भुयारी गटाराचं चेंबर उघडलं की कोणाकडे लग्नाचं तेल सांडलंय आणि कोणी गच्चीचं पावसाचं पाणी चोरून गटारात सोडलंय ते मला वासावरून कळतं.

या गटाराच्या शेवटाला खालची आळी आहे. आमच्यातली घरं आणि डोंगरातून खाली उतरलेली काही घरं. त्यांच्या पाठीमागे सांडपाण्याचा प्रकल्प आणि त्याच्या मागे नाला. नळाची लाइनसुद्धा तिथेच संपते. खालच्या आळीला स्वतःची वेगळी लाइन नाही. तिचं पाणी वरच्या आळ्यांच्या पोटातून येतं. म्हणजे पाळी खालच्या आळीची असली तरी वाटेतल्या मोटारी आधी पिऊन घेतात आणि तळाला नळ नुसता फुसफुसतो.

तिथली एक आजी दर आठवड्याला रिकामा हंडा घेऊन माझ्या ऑफिसात यायची. खारकेएवढी बाई, पण तोंडाचा पट्टा असा की बाहेर पावतीच्या रांगेतली माणसंही गप्प व्हायची. आधी जय भीम घालायची, मग शिव्या. मी तिला खुर्ची द्यायचे, ती खुर्चीवर हंडा ठेवायची आणि स्वतः उभी राहायची. तिचं म्हणणं एकच. तिच्या दारातल्या नळाला, तिच्या डोळ्यांदेखत हा हंडा भरला पाहिजे. विहिरीचा नको, टँकरचा नको, सुनेनं वरच्या आळीतून वाहून आणलेला नको. मी तिला शेवटच्या टोकाला दाब कसा कमी पडतो ते कागदावर काढून दाखवायचे. नवी टाकी मंजूर झाली की सगळं ठीक होईल म्हणायचे. ती कागदाकडे बघायचीसुद्धा नाही.

"घाण पानी बरा येतो आमच्यात," ती म्हणायची. "सगळ्या गावाचा. त्याला पाळी नाय, त्याला दाब लागत नाय. चांगला पानीच तेवढा वाट चुकतो काय गो?"

मला हसू यायचं आणि अंगाचा तिळपापडही व्हायचा. तिच्यामुळे नव्हे, ती बरोबर बोलतेय म्हणून.

एकदा आमचा क्लार्क तिला चिडवायला म्हणाला की आजी, तुमच्या आळीत मयत झालं की कसं धो धो पाणी येतं, तेव्हा भरून घ्यायचा ना हंडा. मी त्याच्यावर डोळे वटारेपर्यंत आजी त्याच्या टेबलाशी पोचली होती.

"मेल्याव देशाल, ठावं हाय मला," ती म्हणाली. "मेलेल्याला काय तहान लागते? जिती हाय तवर द्या."

आणि तिनं हंडा माझ्या टेबलावर, फायलींच्या वर, दणकन ठेवला. म्हणाली, हा आता इथेच राहील. माझ्या नळाला भरून दे आणि मगच मला बोलव. मी म्हटलं आजी, न्या हो, घरात लागेल. ती मागे वळून न बघता निघून गेली. हंडा माझ्या कपाटावर राहिला. एका पावसाळ्यात कोणीतरी त्यात ओल्या छत्र्या उभ्या केल्या, तेव्हा मी अख्खं ऑफिस डोक्यावर घेतलं.

पुढे नवे मुख्याधिकारी आले. तरुण, सभ्य, कोणालाही अरेतुरे न करणारे. त्यांनी व्हॉल्व्हना यंत्रं बसवली. आता पाळ्या ठाण्यातल्या एका कंपनीचा माणूस फोनवरून चालवणार. चावी स्टोअरमध्ये गेली आणि तिथे दार आपोआप मिटू नये म्हणून दाराला टेकवून ठेवली गेली. त्याच सुमारास हायवेकडच्या नव्या कॉम्प्लेक्समधून तक्रार आली. तिथली बरीच माणसं आसनगावहून सकाळची फास्ट लोकल पकडतात. कोणीतरी मरतं आणि आमची पाळी मागे सरकते, मग आम्ही पारोसे कामाला जायचं का, असं त्यांचं म्हणणं. तेही अगदीच खोटं नव्हतं. साहेबांनी मीटिंग घेतली आणि आदेश काढला: पाळीबाहेर पाणी नाही, मयत झाल्यास टँकर पाठवावा. मी वाद घातला. टँकर खालच्या आळीत वळत नाही, टँकर वेळेवर मिळत नाही, टँकरच्या पाण्याला बुडाचा गंज असतो, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुमच्या भावना समजतात. भावना समजतात म्हणणाऱ्या माणसाची मला फार चीड आहे. नाही समजत म्हणाला असता तर समजावलं असतं.

पौष महिना होता, मुरबाडजवळच्या म्हसा गावची बैलांची जत्रा भरलेली. मी सकाळी सांडपाण्याच्या प्रकल्पावर जाळीत अडकलेला कचरा काढून घेत होते, तेवढ्यात फोन आला. खालच्या आळीतून आजीची सून बोलत होती. मॅडम, म्हातारी गेली. पहाटे उठली ती चुलीपाशीच बसली आणि बसल्या बसल्या गेली. आवाज कोरडा होता. लोक जमलेत, दुपारच्या आत न्यायची आहे, पाणी सोडा, म्हणाली. तिला आदेशाचं काही माहीत नव्हतं. कशाला असेल?

टँकरसाठी फोन लावला तर आमचे दोन्ही टँकर म्हशाला. जत्रेतल्या माणसांना आणि बैलांना पाणी पुरवायला गेलेले, संध्याकाळशिवाय परत येणार नव्हते. साहेब ठाण्याला बैठकीत. त्यांना मेसेज केला, उलट मेसेज आला की टँकरची व्यवस्था करा. प्रकल्पापासून आळी हाकेवर, म्हणून मी चालतच गेले. अंगणात माणसं उभी होती. घरात प्यायचं पाणी होतं तेवढंच. आजीचा मुलगा बादल्या घेऊन निघाला होता. मी विचारलं, कुठे? तो म्हणाला, मॅडम, तुमी नका टेन्शन घेऊ, नाल्याचं आणतो, गाळून घेऊ फडक्यानं.

फडक्यानं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो नाला माझ्याच प्रकल्पाचा. सगळ्या गावाची घाण धुऊन मी त्यात सोडते. त्या पाण्यानं या बाईला आंघोळ? मी त्याच्या हातातल्या बादल्या काढून घेतल्या आणि सांगितलं की एक थेंब आणायचा नाही, नळाला पाणी येईल. बोलून बसले. कसं येणार ते तोवर मलाही ठाऊक नव्हतं.

ऑफिसात गेले, स्टोअरच्या दाराला टेकवलेली चावी ओढली, दार धाडकन मिटलं. व्हॉल्व्हमन चहा पीत होता. तो आता कंत्राटावर, कंपनीच्या माणसानं एक फोन केला की घरी. मी त्याला म्हटलं, तू इथेच बस, तू मला पाहिलंच नाहीस. तो कप खाली ठेवून उठला. म्हणाला, फिरवा तुमी, पन गेटावर ठोकायला तरी येतो, त्याला कुठला आदेश हाय? कपाटावरचा हंडा मी स्कूटीवर दोन पायांच्या मधे ठेवला.

खालच्या आळीच्या व्हॉल्व्हच्या चेंबरचं झाकण आम्ही दोघांनी उचललं. यंत्र बसवलं तरी हातानं फिरवायची सोय ठेवलेली होती. ती ठेवावीच लागते, नाहीतर वीज गेल्यावर गाव बसलं बोंबलत. चावी घातली. हातानं फिरवायचा तो दांडा वापराविना गंजून बसलेला. मी अंगाचं वजन टाकून फिरवला, हाताची कातडी निघाली, पण फिरला. तोवर कंपनीच्या माणसाचा फोन वाजायला लागला. मी उचलला नाही. व्हॉल्व्हमन चावी घेऊन वरच्या आळ्यांतून निघाला, ठण ठण. आदेशानं रिवाज बंद झाला होता, पण माणसांच्या कानातून गेला नव्हता. घरामागून घर मोटारी गप्प झाल्या.

आणि तरीही खालच्या आळीतून फोन आला की नळ नुसता हवा फेकतोय.

मी समजले. कॉम्प्लेक्स. ती पाळी त्यांची होती, आणि त्यांचा पंप आमच्या सगळ्या मोटारींचा बाप. तिथे ठोकून कोणाला काय कळणार, ही माणसं आत्ता आत्ता राहायला आलेली. स्कूटी वळवून गेले. वॉचमन म्हणाला, सेक्रेटरींना विचारा. पंपाच्या खोलीला कडी होती, कुलूप नव्हतं. मी आत गेले, मुख्य स्विच खाली पाडला आणि दारात उभी राहिले.

पाच मिनिटांत माणसं खाली आली. एकाच्या खांद्यावर टॉवेल, कानाला फेस. सेक्रेटरी आले, भले गृहस्थ, त्यांनी लेखी आदेश मागितला. मी म्हटलं, आदेश माझ्याविरुद्ध आहे, हवा तर दाखवते. पण लाइनला थेट पंप लावणं बेकायदा आहे, तो कागदही माझ्याकडे आहे, आधी कुठला बघू? मग टॉवेलवाल्यानं विचारलं की नेमकं झालंय काय. मी सांगितलं. खालच्या आळीतली एक म्हातारी गेली आहे, तिच्या आंघोळीचं पाणी तुमच्या टाकीत पडतंय.

गर्दीतल्या एका बाईनं विचारलं, "तुमच्या कोण लागत होत्या?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "त्यांचा हंडा माझ्याकडे आहे."

स्कूटीवर तो हंडा होताच, उन्हात चकचकत. त्या बाईनं त्याच्याकडे बघितलं आणि बाकीच्यांना म्हणाली, राहू द्या हो, आज नाही आंघोळ केली तर काय बिघडतंय. तिचंही माहेर इकडचंच कुठलंतरी असावं. स्विचला कोणी हात लावला नाही. मी वॉचमनला तिथे उभं केलं आणि निघाले.

खालच्या आळीत पोचले तेव्हा नळ सुरू झाला होता. सुरू म्हणजे कसा, धार फरशीवर आपटून भिंतीपर्यंत उडत होती. मी हंडा धारेखाली धरला. तो भरताना जो आवाज झाला तो सगळ्या अंगणानं ऐकला. सुनेनं आणि लेकीनं आजीला आंघोळ घातली, पांढरं पातळ नेसवलं, पंचशील म्हटलं गेलं. मी रडले. रागानंच रडले, पण रडले. जिती हाय तवर द्या म्हणाली होती, आणि आम्ही दिलं कधी, तर आता.

मला नोटीस आली. साहेबांनी बोलावून विचारलं की आदेश मोडलात हे मान्य आहे का. मी म्हटलं, आहे. पुन्हा मोडाल? मी म्हटलं, गावात माणसं मरायची थांबली तर नाही मोडणार. ते म्हणाले की ती चावी स्टोअरमध्ये जमा करा. मी म्हटलं, ती आता माझ्या घरी दाराआड आहे आणि तिथेच बरी आहे. माझी एक वेतनवाढ अडकून आहे. अडकू दे.

गोष्ट इथे संपली असती तर मी स्वतःवर खूश होऊन बसले असते. पण आजीच्या दिवसकार्याचं पुण्यानुमोदन झाल्यावर एके सकाळी तिची सून ऑफिसात आली. सासूसमोर जिचा आवाज कधी ऐकू आला नाही ती बाई. जय भीम म्हणाली. मी खुर्ची दिली. तिनं खुर्चीवर हंडा ठेवला आणि उभी राहिली. रिकामा हंडा.

"त्या दिवशी जोरात आला," ती म्हणाली. "म्हंजे पाइप बरा हाय, दाब बी हाय. मेल्याव येतो तर जित्याला का नाय?"

मी कागद ओढला नाही. काय काढणार होते त्यावर? नव्या टाकीची वाट बघायची गरज नव्हती, वाटेतल्या मोटारी बंद राहिल्या की पाणी तळापर्यंत जातं हे सगळ्या आळीनं डोळ्यांनी बघितलं होतं. अख्ख्या गावाला मोटार बंद करता येते. करतंही. फक्त कोणीतरी मरावं लागतं. मला पुन्हा तसाच राग आला, आणि या खेपेला बरं वाटलं.

आता खालच्या आळीची पाळी असते त्या दिवशी मी घरून चावी घेऊन निघते. व्हॉल्व्ह कंपनीचा माणूस ठाण्याहून उघडतो, उघडू दे. मी वरच्या आळ्यांतून प्रत्येक गेटावर ठोकत जाते. अभद्र बाई म्हणतात मला. मयत नसताना मयताची चावी वाजवते म्हणून तक्रारीही गेल्या आहेत. व्हॉल्व्हमन हसतो, म्हणतो, मॅडम, तुमाला येड लागलाय. पण पलीकडच्या बाजूची गेटं तो ठोकतो.

पहिल्या दिवशीचं सांगते. एका नगरसेवकाचं घर आहे, गावातली सगळ्यात मोठी मोटार तिथे. मी गेटावर ठोकलं. आतून त्यांची म्हातारी आई काठी टेकत, पदर डोक्यावर घेत बाहेर आली. काठी काखेत धरून तिनं हात जोडले, डोळ्यांत पाणी तयार. विचारलं, "कोण गेला गो?"

"कोणी नाही गेलं," मी म्हटलं. "खालच्या आळीत माणसं जिवंत आहेत. त्यांना पाणी सोडलंय."

जोडलेले हात तिनं खाली घेतले. मला वाटलं आता शिव्या देणार, आणि द्यायला मीही तयार होते. ती वळली, काठी टेकत आत गेली, आणि थोड्या वेळानं मोटारीचा आवाज बंद झाला.